वळण मागच्या चाकांत असतं

घरच्या घरी गाडी जोडायला बसलेल्या माणसाला पहिली चिंता इंजिनाची. कुणाला बंद पडलेली मोटरसायकल मिळते, कुणाला भंगारात रिक्षाचं इंजिन सापडतं, हल्ली तर ई-रिक्षाची मोटर. ते एकदा हाताशी आलं की बाकीचं ‘वेल्डिंग मारून’ होईल, असा हिशेब असतो. चौकट उभी राहते, सीट बसते, पुढे स्टिअरिंग लागतं. मागे एक जाड शाफ्ट आडवा टाकून त्याच्या दोन टोकांना दोन चाकं आवळली जातात आणि मध्ये चेन-स्प्रॉकेट बसतं. गाडी सुरू होते, सरळ रस्त्यावर मजेत पळते. मग पहिलं वळण येतं. स्टिअरिंग पुरतं फिरवलेलं, पुढची चाकं पुरती वळलेली, आणि गाडी मात्र सरळ गडग्याच्या दिशेने.

पुढचे दोन दिवस बनवणारा पुढची चाकं खोलून बसतो. दोष मागे असतो.

अशी हौस करणारी माणसं महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांची गाडी आठवत असेल. यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला तेच हे देवराष्ट्रे. लोहारांनी सुमारे साठ हजार रुपयांत, जुन्या सामानातून, जीपसारखी दिसणारी छोटी चारचाकी बनवली. ती सुरू व्हायची दुचाकीसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, त्याच दमात ही गाडी नियमांत बसत नसल्याने कधी ना कधी अडवली जाईल हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना बोलेरो मिळाली. बातम्यांत सगळ्यांना किकचं अप्रूप वाटलं. मला अशी कुठलीही गाडी दिसली की आधी वाकून मागचा आस बघावासा वाटतो, कारण ती वळते कशी याचं उत्तर तिथे असतं.

थोडं गणित करू. गाडीच्या डाव्या आणि उजव्या चाकांत एक मीटर अंतर आहे. विहिरीभोवती ती एक गोल फेरी मारते. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा किती जास्त चालेल? ६.२८ मीटर. आता हीच गाडी गावाच्या मैदानाला फेरी मारू दे. बाहेरचं चाक किती जास्त चालेल? ६.२८ मीटरच. अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याएवढं वर्तुळ आखा, फरक तेवढाच राहील. वर्तुळाची त्रिज्या या हिशेबात येतच नाही. दोन्ही चाकांच्या त्रिज्यांमधला फरक एक मीटर, त्याला २π ने गुणलं की झालं. म्हणजे काटकोनात घेतलेल्या प्रत्येक वळणाला, ते गल्लीतलं असो की महामार्गावरचं, बाहेरचं चाक दीड मीटरहून थोडं जास्त धावणारच. गल्लीत हा दीड मीटर पाच-सात मीटरच्या प्रवासात भरून काढावा लागतो, महामार्गावर शेकडो मीटरमध्ये. सुटका मात्र कुठेच नाही.

दोन्ही चाकं एकाच शाफ्टला आवळली असतील तर ती समान फेरे घेणार. मग तो दीड मीटर कुठून आणायचा? टायर घासून. आतल्या चाकाला हळू जायचंय, शाफ्ट त्याला जबरदस्तीने पळवतो, म्हणून ते जमिनीला मागे रेटतं आणि गाडीची आतली बाजू पुढे ढकलतं. बाहेरच्या चाकाला पळायचंय, शाफ्ट त्याला धरून ठेवतो, म्हणून ते गाडीची बाहेरची बाजू मागे ओढतं. डावीकडे वळताना डावी बाजू पुढे ढकलली जातेय आणि उजवी मागे खेचली जातेय, म्हणजे मागचा आस गाडीला उजवीकडे वळवू पाहतोय. पुढची चाकं एक सांगतात, मागचा आस नेमकं उलट. गाडी गडग्याकडे जाते ती या भांडणातून.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिचा आस जागच्या जागी स्थिर, आणि दोन्ही चाकं आपापल्या तुंब्यावर मोकळी फिरतात. वळताना बाहेरचं चाक चार फेरे जास्त घेईल, आतलं कमी घेईल, कोणी कोणाला विचारत नाही. हे परवडतं, कारण ओढणारे बैल पुढे असतात. चाकांनी फक्त लोळायचं असतं. अडचण सुरू झाली ती चाकांनीच गाडी ढकलावी असं ठरलं तेव्हा. ढकलायचं तर चाकं इंजिनाला जोडली पाहिजेत, आणि वळायचं तर ती एकमेकांपासून सुटी पाहिजेत. गेली दोनशे वर्षं माणसं या दोन मागण्यांचा मेळ घालताहेत, आणि त्यातली निम्मी उत्तरं रत्नागिरीच्या पंचक्रोशीत चालती-फिरती बघायला मिळतात.

पहिलं उत्तर कोकण रेल्वेच्या रुळांवर आहे. रेल्वेच्या डब्याची दोन चाकं आणि त्यांच्यामधला आस हा एकच घट्ट तुकडा असतो. आपल्या फसलेल्या गाडीचाच नमुना. तरी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पार करून आलेली गाडी वळणावर टायर घासल्यासारखी अडत नाही. कारण रेल्वेचं चाक दंडगोल नसतं. त्याच्या कडेला किंचित उतार दिलेला असतो. पारंपरिक माप २० ला १. आतल्या बाजूला चाक जाड, बाहेर निमुळतं. वळणावर अख्खी चाकजोडी बाहेरच्या रुळाकडे जराशी सरकते. लगेच बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर चालू लागतं आणि आतलं बारीक भागावर. फेरे तेवढेच, पण एका फेऱ्यात कापलेलं अंतर वेगवेगळं.

हे सरकणं किती? १२५० मीटर त्रिज्येचं वळण धरू. कोकण रेल्वेची आखणी करताना याहून तीव्र वळण टाळायचं धोरण होतं. डब्याचं चाक साधारण ९१५ मिलिमीटर व्यासाचं. हिशेब मांडला की उत्तर येतं सहा-साडेसहा मिलिमीटर. करंगळीच्या रुंदीपेक्षाही कमी. एवढंसं बाजूला सरकून शेकडो टनांची गाडी वळते, तेही कुणी स्टिअरिंग न फिरवता. चाकाला आतून जी उभी कड असते ती गाडीला वळवते असं आपल्याला वाटतं. सौम्य वळणावर तिचं काम राखणदाराचं असतं. तीव्र वळणावर ती रुळाला घासते आणि कर्कश आवाज येतो.

दुसरं उत्तर भाताच्या खाचरात भेटतं. चिखलणीच्या दिवसांत जिकडेतिकडे पॉवर टिलर फटफटत असतात. टिलरला स्टिअरिंग नाही, पुढची चाकं नाहीत. आहेत त्या दोन मुठी आणि प्रत्येक मुठीखाली एक लिव्हर. डावीकडची लिव्हर दाबली की डावं चाक इंजिनापासून सुटतं, उजवं ढकलत राहतं आणि टिलर डावीकडे वळतो. वळणाचा सगळा कारभार एकट्या आसावर.

खरी गंमत उतारावर आहे. टिलरला ट्रॉली जोडून कुणी घाटी उतरत असेल आणि वळायला सवयीने डावी लिव्हर दाबली, तर टिलर उजवीकडे जातो! नव्या माणसाची यात पार त्रेधा उडते आणि अपघातही होतात. टिलरच्या माहितीपुस्तिकांत याबद्दल बजावलेलं असतं. कारण अगदी सरळ आहे. उतारावर इंजिन ढकलत नाही, रोखून धरतं. डावं चाक इंजिनापासून सोडवलं की त्याच्यावरचा रोध गेला, ते भरभर धावू लागलं. उजवं अजून धरलेलं आहे. गाडी धरलेल्या बाजूकडे वळणार. मुरलेला चालक उतार लागताच लिव्हर सोडून मुठींनीच टिलरला वळण देतो किंवा लिव्हर उलट्या वापरतो. हाताला शिकवलेलं भौतिकशास्त्र म्हणतात ते हेच.

घरगुती गाडी बनवणाऱ्याला हा टिलर फार उपयोगाचं शिकवतो. कारण पक्क्या शाफ्टचा अनुभव आला की पुष्कळजण दुसऱ्या टोकाला जातात: एकाच मागच्या चाकाला चेन जोडायची, दुसरं बेरिंगवर मोकळं ठेवायचं. स्वस्त आणि सोपं. वळणात घासणं नाही. पण चेन डाव्या चाकाला असेल तर रेस दिली की गाडी उजवीकडे झुकते आणि रेस सोडली की डावीकडे. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत थोपवून धरावं लागतं. दोन चाकांत एक मीटर अंतर असेल तर ढकलणारं चाक गाडीच्या मध्यरेषेपासून अर्ध्या मीटरवर आहे, आणि तो अर्धा मीटर म्हणजे गाडी फिरवायला आयतीच मिळालेली पहार.

हा झुकाव इंग्लंडमधल्या जेम्स स्टार्ली यांनीही अनुभवला होता. कॉव्हेंट्रीचे हे सायकल बनवणारे गृहस्थ आपल्या मुलासोबत शेजारी-शेजारी बसून चालवायच्या सायकलीवर निघाले होते, अशी कथा सांगतात. दोघांचे पेडल आपापल्या बाजूच्या चाकाला जोडलेले. मुलाच्या पायांत जोर जास्त, त्यामुळे गाडी सारखी बापाच्या बाजूला वळायची, आणि शेवटी दोघे रस्त्याकडेच्या झुडपात. त्यानंतर १८७७ मध्ये स्टार्लींनी तीनचाकी सायकलीला डिफरन्शियल बसवलं. युक्ती त्यांच्या आधीची होती. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ सालीच वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं होतं. पण सायकलीमुळे ती साध्या माणसांच्या पायाखाली आली.

डिफरन्शियल समजून घ्यायला पुस्तकापेक्षा गॅरेज बरं. मागची दोन्ही चाकं अधांतरी उचललेली रिक्षा बघा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. आता डावं चाक हाताने पुढे फिरवा. उजवं चाक मागे फिरतं. कुणी हात न लावता, तेवढ्याच वेगाने, बरोबर उलट. लहान मुलांना हे दाखवलं की ती दहा वेळा करून बघतात. मोठेही बघतात, फक्त कारण दुसरं सांगतात. आतले चार बेव्हल गिअर एकच नियम पाळतात: दोन चाकांच्या फेऱ्यांची सरासरी मुख्य गिअरच्या फेऱ्यांएवढी. मुख्य गिअर थांबलेला असेल तर सरासरी शून्य, म्हणून एक पुढे तर दुसरं मागे. मुख्य गिअरचे १०० फेरे झाले तर वळणात आतल्या चाकाला ९० आणि बाहेरच्याला ११०. कुणाला किती द्यायचे हे गिअर ठरवत नाहीत. रस्ता ठरवतो.

या उदारपणाची किंमतही आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळे एक चाक निसटलं की दुसऱ्यालाही तेवढाच दुबळा जोर मिळतो. आपल्याकडे रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्याच्या लाल चिखलात रिक्षाचं एक चाक गटाराच्या कडेला रुतलं की ते गरागरा फिरतं आणि दगडावर भक्कम टेकलेलं दुसरं चाक ढिम्म हलत नाही. मग दोघांनी मागून लोटायचं. नेमकं इथे मघाचा तो भांडखोर पक्का शाफ्ट बाहेर पडला असता. खराब रस्त्यावर सरळ जायला त्याच्यासारखा आस नाही.

मग पक्का शाफ्ट ठेवायचा आणि वळायचंही, असं जमेल? जमतं, आणि या सगळ्या प्रकरणातलं मला सगळ्यात आवडणारं उत्तर ते आहे. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने पोलादी नळ्यांच्या चौकटीवर गवत कापायच्या यंत्राचं उरलेलं इंजिन बसवून एक बुटकी गाडी बनवली. शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात ते काम करायचे. या खेळण्यातून गो-कार्ट जन्माला आली. आजही शर्यतीच्या गो-कार्टला डिफरन्शियल नसतं, स्प्रिंग नसते, मागे एकच पक्का आस. तरीही ती वळणात भल्याभल्या मोटारींना लाजवते. कशी? वळताना ती मागचं आतलं चाक उचलते. चाक जमिनीवरच नसेल तर घासणार काय?

हे उचलण्याचं काम कुणी हायड्रॉलिक जॅक करत नाही. ते करतो पुढच्या चाकांचा किंगपिन. ज्या खिळीभोवती पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती खिळी उभी न ठेवता तिचं वरचं टोक मागे झुकवलेलं असतं. सायकलीचा चिमटा तिरका असतो तसा. झुकलेल्या खिळीभोवती चाकाचा दांडा फिरला की तो सपाट वर्तुळात फिरत नाही, तिरक्या वर्तुळात फिरतो. आतल्या चाकाचा दांडा मागे जाता जाता खाली उतरतो, बाहेरच्या चाकाचा पुढे जाता जाता वर चढतो. खाली उतरायला आतल्या चाकाला जागा नाही, तिथे जमीन आहे. म्हणून चौकटीचा तोच कोपरा वर उचलला जातो. एक पाय लांब झालेलं टेबल जसं दोन समोरासमोरच्या पायांवर तोल धरतं आणि तिसरा पाय अधांतरी राहतो, तसं होतं. भार पुढच्या आतल्या आणि मागच्या बाहेरच्या चाकावर जातो, मागचं आतलं हलकं पडतं. त्यात वळणाचा झोक बाहेरच्या बाजूला भार टाकतो आणि ते हलकं चाक काही मिलिमीटर उचललं जातं. काम भागलं.

परीक्षा घ्यायची तर सोपी आहे. सपाट फरशीवर कार्ट उभी करा, मागच्या आतल्या टायरखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवून ठेवा आणि कुणाला तरी सावकाश स्टिअरिंग फिरवायला सांगा. एका क्षणी दबून बसलेला कागद अलगद निघून येतो. पुढच्या चाकांना वळवणारा हात मागच्या चाकाला उचलतोय.

इथे घरगुती कारागिराची फसगत वेगळ्या कारणाने होते. तो चौकट एकतर फार ढिली करतो नाहीतर फार कडक. कार्टला स्प्रिंग नसते म्हणजे चौकट हीच स्प्रिंग. अँगलची पातळ चौकट पिळवटून जाते, पुढे उचललेला कोपरा मागे पोचतच नाही, चाक जमिनीवरच राहतं. उलट चारी बाजूंनी आडव्या-तिरक्या पट्ट्या मारून दगडासारखी केलेली चौकट चाक उचलते खरी, पण ते मग वेळेवर खाली येत नाही आणि वळणातून बाहेर पडताना गाडी मागून घसरते. शर्यतवाले तर मागचा आसच बदलून बघतात: पोकळ नळी, तीच जाडी, पण पोलाद कमी-जास्त कडक. डोळ्याला फरक दिसत नाही, चालवणाऱ्याच्या पाठीला कळतो.

पुढच्या चाकांची वेगळी गोष्ट आहे, पण तीही मागच्या आसाशीच येऊन थांबते. वळताना पुढची दोन चाकं सारख्या कोनात वळवून चालत नाही. आसांमधलं अंतर १.२ मीटर, चाकांमधलं १ मीटर आणि मागच्या आसाच्या मध्यापासून ४ मीटर त्रिज्येचं वळण असेल तर आतलं चाक सुमारे १९ अंश वळायला हवं आणि बाहेरचं १५. हा चार अंशांचा फरक म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या गाड्या बनवणाऱ्याने १८१७ मध्ये साधला. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट त्याचे प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन यांनी घेतलं. आकरमन चित्रं छापून विकणारे प्रकाशक होते. जगभरचे मेकॅनिक आज आकरमनचं नाव घेतात. मूळ कारागीर तळटीपेत गेला.

त्यातली युक्ती खडू आणि दोरीने आखता येते. दोन्ही किंगपिनपासून मागच्या आसाच्या मध्यबिंदूपर्यंत दोन रेषा ओढायच्या आणि टाय रॉड ज्या दांड्यांना जोडायचा त्या दांड्या या रेषांवर ठेवायच्या. फरक आपोआप जवळजवळ बरोबर येतो. म्हणजे पुढची आखणी करायला आधी मागचा आस पक्का हवा. पुढे-मागे सरकवला की दांड्यांचा कोन चुकला. आणि तो आस गाडीच्या मध्यरेषेला काटकोनात नसेल तर सगळंच मुसळ केरात. एका मीटरला एक सेंटिमीटर तिरका राहिला तरी गाडी दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर बाजूला जाऊ पाहते. मग चालवणारा स्टिअरिंग थोडं वाकडं धरून सरळ जातो आणि टायर खाल्ले जातात. वेल्डिंगच्या आधी दोन्ही किंगपिनपासून आसाच्या समोरच्या टोकांपर्यंतचे कर्ण सुतळीने मोजून बघणारा फॅब्रिकेटर दिसला तर खुशाल त्याच्याकडे काम द्यावं.

आणि हो, हे सगळं आपल्या आवारात किंवा बंद मैदानात. सार्वजनिक रस्त्यावर आणायच्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून मंजूर व्हावा लागतो. घरगुती गाडीला तो दरवाजा जवळजवळ बंदच आहे. ब्रेक आणि वळण ही दोन कलमं पाहिली तर त्यामागचं कारण पटतं.

आता ई-रिक्षामुळे खेळ पुन्हा बदललाय. तिचा मागचा आस मोटर आणि डिफरन्शियलसकट एकाच तुकड्यात येतो, आणि हौशी मंडळींनी तो हेरला आहे. त्याहून धाडसी लोक आसच काढून टाकतात आणि दोन्ही मागच्या चाकांत एकेक हब मोटर बसवतात. मध्ये काहीच नाही, फक्त दोन कंट्रोलर आणि वायर. कंट्रोलरमध्ये दोन्ही मोटरना सारखा वेग राखायला सांगितलं तर गाडी वळणात अडते, अगदी त्या पक्क्या शाफ्टसारखी. सारखा जोर द्यायला सांगितलं तर बाहेरचं चाक आपणहून पळतं, आतलं मंदावतं आणि गाडी रिक्षासारखी सहज वळते. दोन्हींत लोखंडाचा एकही तुकडा बदललेला नसतो, बदललेली असते फक्त कंट्रोलरमधली एक सेटिंग. आणि थ्रॉटलनुसार डाव्या-उजव्या मोटरला मुद्दाम कमी-जास्त जोर द्यायचं ठरवलं, तर खाचरातल्या टिलरसारखी स्टिअरिंगशिवाय वळणारी गाडीही याच वायरींतून होते, फक्त तिला उतारावर उलटं वळायची खोड नसते.